झाडाला काय आठवतं?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, लाजाळूला बोट लावलं की पान मिटतं. देठाच्या बुडाशी एक फुगीर गाठ असते. विजेचा बारीक संकेत तिथं पोचला की पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्याच्यामागं पाणी जातं आणि गाठ ढिली पडते. असे संकेत जगदीशचंद्र बोस यांनी शंभरावर वर्षांपूर्वीच यंत्रांनी मोजून दाखवले होते.

२०१४ साली मोनिका गॅग्लियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुंडीसकट रोप १५ सेंटिमीटरवरून फोमवर पाडायचं, एका फेरीत ६० वेळा. आधी पानं मिटली. मग रोपांनी दाद देणंच सोडलं. थकली म्हणावं, तर वेगळ्या तऱ्हेनं हलवल्यावर तीच पानं पुन्हा मिटली. २८ दिवसांनी पाडलं तरी पानं उघडीच. आणि कमी उजेडातली रोपं लवकर शिकली. ते पटण्यासारखं आहे, पान मिटलं की अन्न कमी तयार होतं, अन् सावलीतल्या झाडाला ते परवडत नाही.

या प्रयोगावर आक्षेपही आहेत. याच गटानं पुढं वाटाण्याची रोपंही शिकतात असं दाखवणारा केलेला प्रयोग २०२० मध्ये दुसऱ्यांनी करून पाहिला, तेव्हा तो निकाल मिळाला नाही. म्हणून ‘झाडं विचार करतात’ असं कोणी छातीठोक सांगू लागलं की मी जरा सावध होतो. पिकाला गाणी ऐकवून उतारा वाढवणारे तर वेगळेच!

पण मेंदूवाचून खूण जपता येते, हे पक्कं आहे. थंड देशातला हिवाळी गहू कित्येक आठवडे गारठा सोसल्याशिवाय फुलावर येत नाही. आपला गहू त्या जातीचा नाही, नाहीतर इथं ओंबीच दिसली नसती. ही आठवण राहते कुठं, ते मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या तणावर नीट उलगडलं. फुलोरा अडवणारा एक जनुक त्यात असतो. थंडीत त्याच्याभोवतीच्या प्रथिनांवर रासायनिक खुणा बसतात आणि तो बंद पडतो. ऊन वाढलं, पेशींच्या कितीतरी पिढ्या गेल्या, तरी खुणा टिकतात. नवं बी धरताना मात्र त्या पुसल्या जातात. पुढच्या पिढीला आपला हिवाळा आपणच काढावा लागतो.

आता आपल्या कामाचं. पावसात खंड पडतो, पऱ्हाटी माना टाकते, पाऊस आला की सावरते. त्याच अरॅबिडॉप्सिसला प्रयोगशाळेत वारंवार ताण दिला, तेव्हा पुढच्या ताणात त्यानं पाणी जास्त जपलं. मधे पुरेसं पाणी मिळालं, तर आठवडाभरात ही सवय सुटली. मला हे विसरणंच जास्त शहाणपणाचं वाटतं. कायम धास्तावलेलं झाड पानांची छिद्रं आवळून बसेल, मग वाढ कशी होणार? वावरातल्या पऱ्हाटीला हाच हिशेब जसाच्या तसा लावता येईल, असं मात्र मी म्हणणार नाही.

मागून एका दादांनी विचारलं, तुरीचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात, ती आठवणच ना? नाही दादा. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला, डोळे फुटले. तिथं कारण समोर हजर आहे. गव्हाच्या बाबतीत थंडी कधीच संपलेली असते आणि फूल नंतर येतं.