खलाशांचा भरवशाचा जुळा: पोलक्स

नमस्कार मंडळी! फेब्रुवारीत रात्री नऊ-दहाला गच्चीवर जा आणि मान पार वर करा. मृग नक्षत्रातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्यापासून काक्षी (बीटलज्यूज) ताऱ्यापर्यंत रेष ओढा आणि तशीच पुढे न्या. तिथे दोन तारे शेजारी शेजारी दिसतील. हात लांब केलात तर मध्ये जेमतेम तीन बोटं मावतील. त्यातला जास्त तेजस्वी, नारिंगी झाक असलेला तो पोलक्स, पांढरा तो कॅस्टर. आपलं पुनर्वसू म्हणजे हीच जोडी. जुलैत सूर्य इथे आला की पडतो तो तरणा पाऊस!

गोष्ट मात्र ग्रीसची. स्पार्टाची राणी लीडा हिचे हे जुळे, पण बाप वेगळे. कॅस्टर राजा टिंडारियसचा, म्हणून मर्त्य. पोलक्स देवराज झ्यूसचा, म्हणून अमर. कॅस्टर घोड्यांचा जाणकार, पोलक्स मुष्टियोद्धा. सोनेरी लोकर आणायला निघालेल्या जेसनसोबत दोघंही आर्गो जहाजावर होते.

पुढे चुलतभावांशी भांडण पेटलं आणि कॅस्टर पडला. पोलक्स धावत आला तेव्हा भावाची घरघर लागली होती. त्यानं झ्यूसकडे स्वतःचंही मरण मागितलं. झ्यूस म्हणाला, एकटा स्वर्गात राहा, नाहीतर अमरत्व भावाशी वाटून घे. मग निम्मा काळ पाताळात काढावा लागेल. पोलक्सनं क्षणभरही विचार केला नाही, वाटून घेतलं. मला ही सगळी कथा या एका निर्णयासाठीच आवडते.

आणि असा माणूस खलाशांना आपला वाटणारच ना! एका प्राचीन ग्रीक स्तोत्रात वादळात सापडलेले खलाशी जहाजाच्या पिछाडीला जाऊन या भावांना पांढरी कोकरं नवसतात. मग दोघं पंखांवरून झेपावतात आणि वारा पडतो.

खलाशांना ते डोळ्यांनी दिसायचेसुद्धा. वादळी हवेत विजेचा ताण वाढला की डोलकाठीच्या टोकाशी हवा निळसर-जांभळी चमकते. काही जळत नाही, नुसता उजेड. असे दोन उजेड दिसले की जुळे आले, जहाज वाचलं! एकच दिसला तर ती त्यांची बहीण हेलन, आणि तो अपशकुन. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीनं हे नोंदवून ठेवलंय. त्याच शतकात ख्रिस्ती धर्मप्रचारक संत पॉल माल्टाहून रोमकडे निघाला, त्या जहाजावरही या जुळ्यांचंच चिन्ह होतं.

आता ऋग्वेद बघा. तिथेही जुळे अश्विनीकुमार आहेत, घोड्यांशी जोडलेले. समुद्रात बुडणाऱ्या भुज्यू नावाच्या माणसाला ते शंभर वल्ह्यांच्या नावेतून घरी आणतात. दोन्ही जोड्यांचं मूळ एकच असावं, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं.

पोलक्स आपल्यापासून सुमारे 34 प्रकाशवर्षं दूर आहे. त्याच्याभोवती एक ग्रह फिरतो, यावर 2006 मध्ये शिक्कामोर्तब झालं. 2015 मध्ये त्या ग्रहाला थेस्टियास हे नाव मिळालं, अर्थ थेस्टियसची मुलगी, म्हणजेच लीडा. म्हणजे पोलक्सच्या आईचं!