कोपरापर्यंत सरकणारी बांगडी

बीड जिल्ह्यातलं एक गाव. चुलीत पऱ्हाटी पेटलीय. घरात गॅस आहे, पण तो चहापुरता, भाकरी चुलीवरच. भाकरी थापणाऱ्या या हातांकडे बघा. मावशींनी हात वर केला की बांगडी मनगटावरून थेट कोपराशी जाते.

घरचे म्हणतात, "वय झालं, अंग वाळलं."

वयाचा भाग आहेच. पण मावशींना सीओपीडी आहे. या आजारात श्वासनलिका अरुंद होतात, त्या पुन्हा पूर्ण मोकळ्या होत नाहीत. गाव त्याला 'दमा'च म्हणतं. मावशींनी जन्मात विडी ओढली नाही. त्यांनी धूर ओढला तो चुलीचा, ४० वर्षं.

आजार छातीचा, मग हात-मांड्या का सुकल्या?

आधी धाप लागते, म्हणून चालणं कमी होतं. पाण्याला सून जाते, रानात मुलगा. मावशी ओसरीवर. बसून बसून पायातलं बळ जातं आणि मग चार पावलांतही जीव वर-खाली होतो. नुसता श्वास ओढायलाच अंगातली बरीच शक्ती लागते. आजारामुळे शरीरभर राहणारा दाह, म्हणजे आतली सूज, स्नायू झिजवतो. दम उसळला की स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गरजेच्या असतात, पण वरचेवर घ्याव्या लागल्या तर त्याही मांड्यांचं बळ कमी करतात. आणि जेवतानाच धाप लागते, म्हणून अर्धी भाकर ताटातच राहते.

२००२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मांडीतला स्नायू सीटी स्कॅनवर मोजला. आजार वाढलेल्या ज्या रुग्णांत तो ७० चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. उंची-वजनाच्या हिशेबापेक्षा मांडी जास्त खरं सांगत होती. चरबी काट्यावर वजन टिकवते आणि आतला स्नायू गेलेला कळत नाही.

सीटी स्कॅन गावात कुठला? पण खुर्ची आहे. हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद घटल्याची शंका घ्यायची. आम्हाला वाईट वाटतं ते इथं: चिठ्ठीवर श्वासातून औषध ओढायचा पंप लिहिला जातो, पायांचं कुणी विचारत नाही. खरं तर डॉक्टर-फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ६ ते १२ आठवडे व्यायाम केला तर फुप्फुस आहे तसंच राहूनही धाप कमी होते, चालणं वाढतं. सोबत डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा, कारण पोट गच्च भरलं की श्वास अडतो.

ओसरीवर आता प्लास्टिकची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय. शेजारी पंप. मुलगा मोबाइलवर सेकंद बघतोय, तोंडानं उठबशा मोजतोय. तीन... चार... मावशी थांबतात, ओठांचा चंबू करून श्वास सोडतात, उठतात. पाच.

महिन्यापूर्वी १९ सेकंद लागले होते. आज १६.