१,९२५ लिरांचं बिल

[मिलान. ट्राम, वर विजेच्या तारा]

इटलीतलं मिलान शहर. डिसेंबर १९६२ मध्ये इटलीच्या संसदेनं वीजउद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि सूत्रं एनेल या सरकारी संस्थेकडे गेली. फ्लामिनिओ कोस्ता इथले वकील. ताब्यात घेतलेल्या एडिसनव्होल्टा कंपनीचे भागधारक. त्यांना एनेलचं बिल आलं, १,९२५ लिरांचं. हा कायदाच रोमच्या कराराविरुद्ध, म्हणजे युरोपीय आर्थिक समुदाय उभारणाऱ्या कराराविरुद्ध आहे, असं सांगून त्यांनी ते भरलं नाही.

[न्यायालयाच्या पायऱ्या]

रक्कम इतकी लहान, की दावा सगळ्यांत खालच्या न्यायाधीशापुढे गेला. तिथल्या निकालावर अपील नव्हतं. आणि इथेच खरी ताकद होती! कारण कराराच्या तेव्हाच्या कलम १७७ नुसार, ज्याच्या निकालावर अपील नाही अशा न्यायालयानं कराराच्या अर्थाचा प्रश्न लक्झेंबर्गमधल्या युरोपीय न्यायालयाकडे पाठवलाच पाहिजे. किरकोळ दावे निकाली काढणाऱ्या न्यायाधीशासाठी थेट लक्झेंबर्गची वाट मोकळी होती.

[रोम. कॅपिटोलाइन टेकडी]

इथे २५ मार्च १९५७ रोजी सहा देशांनी त्या करारावर सह्या केल्या. करार आणि देशाचा कायदा एकमेकांना भिडले तर कोण वरचढ, हे त्यात लिहिलेलं नाही. ७ मार्च १९६४ रोजी इटलीच्या घटना न्यायालयानं सांगितलं: करार साध्या कायद्यानं मंजूर झालाय, म्हणून नंतरचा कायदा वरचढ.

[निकालपत्राची पानं]

मिलानच्या न्यायाधीशानं पाठवलेला प्रश्न ऐकूच नका, असं इटलीच्या सरकारचं म्हणणं. लक्झेंबर्गनं तो ऐकला. १५ जुलै १९६४ चा हा निकाल. ही पानं सावकाश पाहा. राज्यांनी अमर्याद मुदतीचा समुदाय उभारला, त्याला स्वतःच्या संस्था आणि खरेखुरे अधिकार दिले. म्हणजे, मोजक्याच क्षेत्रांत का होईना, आपल्या सार्वभौम हक्कांवर त्यांनी कायमची मर्यादा घालून घेतली. नंतरचा एखादा देशी कायदा ती पुसू शकत नाही. जो तो देश करार हवा तसा वाकवू लागला, तर करार उरतोच कुठे? आम्हाला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. इथे सार्वभौमत्व कुणी हिरावून घेतलेलं नाही. ज्यांचं होतं, त्यांनीच सह्या केल्या होत्या.

[लक्झेंबर्ग. न्यायालयाचे सोनेरी मनोरे]

राष्ट्रीयीकरण टिकलं. जर्मनीच्या घटना न्यायालयानं २०२० मध्ये आणि पोलंडच्या २०२१ मध्ये लक्झेंबर्गला आव्हान दिलं. इटलीतल्या साध्या न्यायाधीशाला मात्र १९८४ पासून, थेट लागू होणाऱ्या युरोपीय कायद्यासाठी, आपल्या संसदेचा कायदा बाजूला ठेवता येतो. त्यासाठी घटना न्यायालयाकडे जावं लागत नाही.