डिस्चार्ज बुक उघडून पाहा

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझे छोटे मशीनशॉप आहे आणि लेथ व संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे धरून तेथे बावीस माणसे काम करतात. माणसे कामावर घेणे आणि त्यांना सांभाळणे या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. विषय मोठा आहे, म्हणून फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाला आपण कामावर कसे घेतो, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे.

आपला जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावाला सगळे 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. असे असूनही माजी सैनिक नोकरी मागायला आला की आपल्याला फक्त कारखान्याचे गेट, बँकेचे दार किंवा एटीएमबाहेरची खुर्ची आठवते. मीही तेच केले.

सात वर्षांपूर्वी एक निवृत्त हवालदार माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळणारे सेवेच्या नोंदीचे पुस्तक, त्यांनी टेबलावर ठेवले. मी ते उघडलेसुद्धा नाही. "रात्रपाळी चालेल ना?" एवढेच विचारले, त्यांनी "चालेल, साहेब" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी ते गेटवर रुजू झाले. पुढे वर्षअखेरीला माल मोजताना हीट ट्रीटमेंटला, म्हणजे तापवून कडक करायला, बाहेर गेलेल्या नगांचा मेळ बसेना. स्टोअरचे रजिस्टर एक सांगत होते, मालासोबतच्या पावत्या, म्हणजे चलने, दुसरेच. तेव्हा हवालदारांनी गेटवरची आवक-जावकाची वही पुढे केली. गाडीचा नंबर, चलन क्रमांक, नग, वजन, वेळ असे पट्टीने आखलेले रकाने, एकही खाडाखोड नाही, आणि परत न आलेल्या चाळीस नगांच्या ओळीपुढे लाल शाईची बारीक खूण. हे कोठे शिकलात, असे विचारल्यावर ते म्हणाले, "साहेब, सतरा वर्षं स्टोअरच सांभाळलंय." ते सारे त्या डिस्चार्ज बुकात पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते.

म्हणून माझी उद्योजक मित्रांना विनंती आहे, ते पुस्तक आधी वाचा. ट्रेड, म्हणजे फौजेतले नेमके काम, कोणता, कोर्स कोणते केले, सेवा किती, वर्तणुकीचा शेरा काय, हे त्यात असते. फौजेत वाहने दुरुस्त करणारे, वीज आणि रेडिओ सांभाळणारे, हिशेब लिहिणारे, शंभर माणसांचा स्वयंपाक वेळेवर करणारे, रुग्णांची शुश्रूषा करणारे असे सगळेच असतात. मुलाखतीत मात्र हा माणूस स्वतःची बढाई मारत नाही. 'मी केले' असे न म्हणता 'आम्ही केले' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की याने स्वतः काहीच केले नसावे. त्याला विचारावे, "सकाळी फॉलिन झाल्यावर दिवसभर तुमच्या हातात कोणते काम असायचे?" फॉलिन म्हणजे सकाळी रांगेत उभे राहणे. मग तो मोकळा होतो.

पगाराची गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. "तुम्हाला पेन्शन आहे ना" असे म्हणून पगार कमी सांगणे हा अन्याय आहे. पेन्शन त्याच्या झालेल्या सेवेची आहे, पगार आजच्या कामाचा आहे. शिपाई म्हणून निवृत्त होणारा जवान बहुधा पस्तीस ते चाळीस या वयात घरी येतो. त्याची मुले शाळेत असतात आणि आई-वडील थकलेले असतात.

हवालदारांना मी स्टोअर दिले, पण सांभाळण्यात चुकलो. आयटीआय झालेली आमची तरुण मुले अवजार वहीत न लिहिता उचलत. हवालदार त्यांना परत पाठवत. रोज वाद होई. शेवटी ते केबिनमध्ये येऊन सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, माझ्या हाताखाली कोण आणि मी कोणाच्या हाताखाली, एवढं एकदा सांगा." मी ते कोणालाच सांगितले नव्हते. त्याच दिवशी कोणाचा अधिकार कोठवर, हे कागदावर लिहून फलकावर लावले, आणि ते बावीसही जणांच्या उपयोगी पडले. मुलांना हुकमाऐवजी कारण सांगायचे, हे हवालदारही हळूहळू शिकले. त्याला वर्ष गेले आणि तेवढा वेळ द्यावाच लागतो.

माणूस कोठे शोधायचा, असे अनेक जण विचारतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोकरी हवी असलेल्या माजी सैनिकांची नोंद असते. तेथे जावे आणि 'वॉचमन पाहिजे' असे न सांगता काम नेमके कोणते ते सांगावे. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतली लष्कराची पहिली मुले जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला गेली. त्यांची मुदत चार वर्षांची. जास्तीत जास्त पाव भाग फौजेत राहणार, बाकीचे ऐन पंचविशीच्या आसपास पेन्शनविना गावी परतणार. त्या मुलांसाठी आपल्या शॉपमध्ये कोणते काम आहे, हे ती दारात येण्याआधी ठरवायला हवे. मी दोन मशीनांवर दोन जागा धरल्या आहेत.

आज माझ्याकडे तीन माजी सैनिक आहेत. एक स्टोअर पाहतात, एक मेंटेनन्स. तिसरे गेटवर आहेत, पण ते काम त्यांनी स्वतः मागून घेतले, कारण दिवसा त्यांना कोरेगावच्या शेतात आल्याला पाणी द्यायचे असते.