काचेबाहेरचा चिक

(दृश्य: लालबाग. तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी. दुपारचे सव्वाचार.)

हा खाट सरकवल्याचा आवाज. मे महिन्यात या घरात रोज याच सुमाराला होतो. आजी बाल्कनीजवळची खाट आतल्या भिंतीकडे ओढतात, कारण अजून अर्ध्या तासात ऊन थेट उशीवर येईल.

इमारत नवी आहे. आधी इथे चाळ होती, चाळीला लांब गॅलरी होती आणि उन्हाळ्यात गॅलरीच्या कमानीतून चिक, म्हणजे बांबूच्या बारीक पट्ट्यांचे विणलेले पडदे, सोडलेले असायचे. गॅलरी गेली तशी चिक बांधायची जागाही गेली. आता स्लायडिंगची काच आहे, काचेच्या आत जाड पडदा आहे, आणि तो हाताला गरम लागतो.

(दृश्य: पडद्यावर टेकवलेला हात.)

ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला. ती ऊब आता खोलीत आहे, काचेतून सहज बाहेर जात नाही. पडदा प्लास्टिकचा असो, कापडाचा असो की बांबूचा, काचेच्या आत लावला की थोडंफार असंच होणार. मेच्या मध्यावर मुंबईत भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा खिडकीवरचा छज्जा पुरतो. चारनंतर ऊन आडवं होतं आणि छज्जाच्या खालून घुसतं. त्याला काचेच्या बाहेरच अडवायला हवं.

(दृश्य: कुर्ला. गल्लीतली ताडपत्रीखालची जागा. कोयता बांबूत शिरतो.)

चिक विणणाऱ्या काकांनी बांबू उभा चिरला. पुन्हा चिरला. आता प्रत्येक फाक पायाच्या अंगठ्यात धरून तासतायत. चिकाला पोकळ, लांब पेराचा बांबू लागतो, तो गाठीपासून गाठीपर्यंत सरळ फाटतो. कोकणातला माणगा भरीव असतो. काठीला, फर्निचरला तो उत्तम, पण त्याच्या अशा बारीक कामट्या काढायच्या म्हणजे हातांची परीक्षा.

"पाठ ठेवायची, पोट काढायचं," काका म्हणतात. पाठ म्हणजे वरची हिरवी, गुळगुळीत बाजू. तिच्यात वाळूतली सिलिका असते, त्यामुळे कोयता लवकर बोथटतो, पण पाणीही तिच्यावर लवकर चढत नाही. पोट पांढरं आणि मऊ. त्यात पिष्ट असतं आणि कीड नेमकी त्यासाठीच येते. पिठासारखा भुसा खाली पडू लागला, की समजायचं कामटीत पोट राहिलं होतं किंवा बांबू कोवळा तोडला होता.

(दृश्य: आडवा दांडा. दोन्ही बाजूंना लोंबणारे दोऱ्याला बांधलेले दगड.)

हा माग. यंत्र म्हणावं असं त्यात काहीच नाही. दांड्यावर एक कामटी ठेवायची, पुढचा दगड मागे टाकायचा, मागचा पुढे. दोरा कामटीला आवळून बसतो. मग दुसरी कामटी. टक्, टक्, टक्. आम्ही हा आवाज संगीताशिवाय ठेवला आहे, कारण तीन तास आम्ही दुसरं काही ऐकलंच नाही. एक दगड चुकला तर चार ओळी उसवाव्या लागतात. काकांचा चुकला नाही. बायका पलीकडे कामट्यांची टोकं घासत होत्या, कुसळ बोटात जाऊ नये म्हणून.

दोरा मात्र नायलॉनचा आहे. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत सुती दोरा कुजतो. ते आम्ही लपवत नाही.

(दृश्य: पावसाळ्यातलं बांबूचं बेट, सिंधुदुर्ग. कोंब.)

बांबू हे गवत आहे. पावसात कोंब फुटतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंचीला पोचतो. पुढे तो जाड होत नाही, फक्त पिकतो, आणि तीन-चार वर्षांनी तोडायला येतो. पिकलेल्या काठ्या काढल्या तरी बेट जिवंत राहतं, पुढच्या पावसात पुन्हा कोंब देतं. तरीही 1927 च्या वन कायद्यात बांबू झाडांमध्ये गणला गेला होता. 2017 साली कायदा बदलला आणि वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून निघाला. स्वतःच्या बांधावरचा बांबू विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट होती.

बाजारात 'बांबू' म्हणून विकला जाणारा प्रत्येक पडदा मात्र असा नसतो. बांबूचं म्हणून मिळणारं मऊ कापड बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, लगदा करून रसायनांतून काढलेलं. त्याचा या कामट्यांशी काही संबंध नाही. विकत घेताना कामटी उलटून पाठ-पोट बघा, आणि दुरुस्ती कोण करून देईल ते विचारा.

पावसाळ्यात चिकावर बुरशी येते, जूनआधी तो उतरवून कोरड्या जागी ठेवावा लागतो, दसऱ्याच्या सुमाराला ऊन दाखवून पुन्हा चढवावा लागतो. गल्लीत अशी कामं करणारी घरं पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत.

(दृश्य: लालबाग. बाल्कनी. काचेच्या बाहेर, ग्रिलच्या आत चिक चढतो आहे.)

जागा नेमकी हीच: काचेबाहेर, ग्रिलच्या आत. वारा आला तर ग्रिल चिकाला सांभाळते. सोसायटीला आधी विचारलं होतं. वर दोन हुक, बाजूला कप्पी, खाली वजनाला एक जाड काठी.

"आजी, दोरी हळू सोडा हं."

"अरे, आमच्या गॅलरीत मीच ओढायचे की!"

चिक खाली येतो. जमिनीवर उन्हाच्या बारीक रेघा उमटतात, काच उघडी राहते, वारा आत येतो. आजी खाट पुन्हा बाल्कनीकडे सरकवतात.

काका टेप काढून शेजारच्या खिडकीचं माप घेतायत.