आजीचे जुलाब आणि चांगले जंतू
आजीला न्यूमोनिया झाला, अ‍ॅडमिट केलं, अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला, घरच्यांना हायसं वाटलं आणि पाचव्या दिवशी जुलाब सुरू झाले, ते थांबेचनात. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांत असं किती म्हाताऱ्या माणसांचं झालं! अँटिबायोटिक छातीतल्या जंतूंबरोबर आतड्यातले चांगले जंतूही मारतं, मग त्या मोकळ्या जागेत सी डिफ नावाचा जंतू घुसतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलमध्ये २००३ ते २००५ च्या साथीत त्याने निदान ३३ जीव घेतले.

मग चांगले जंतू परत पोटात घातले तर? लंडनच्या १३५ पेशंटवर हे करून बघितलं, सरासरी वय ७४, आणि २००७ मध्ये निकाल आला. प्रोबायोटिक, म्हणजे चांगले जंतू असलेलं, ड्रिंक घेणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना जुलाब झाले, नुसतं मिल्कशेक घेणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांना. केवढी आशा वाटली असेल लोकांना!

पण पेशंट फारच थोडे होते, म्हणून वेल्स आणि ईशान्य इंग्लंडमध्ये २,९८१ जण घेतले, सगळे ६५ च्या पुढचे आणि अँटिबायोटिकवर. २१ दिवस रोज कॅप्सूल, अर्ध्यांच्या कॅप्सूलमध्ये ६ हजार कोटी जंतू आणि अर्ध्यांची नुसती दिसायला तशीच, कोणाला कुठली ते पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. २०१३ मध्ये निकाल आला. जंतूवाल्यांत १०.८ टक्क्यांना जुलाब, दुसऱ्यांत १०.४. म्हणजे फरकच नाही. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं, कारण उपाय किती सोपा होता.

म्हणून सगळेच प्रोबायोटिक फुकट असं नाही, जंतूची जात बदलली की परिणाम बदलू शकतो. पण इंग्लंडमध्ये सी डिफच्या वर्षाला ५५ हजारांवर गेलेल्या केसेस सहा वर्षांत १४ हजारांच्या आत आल्या त्या कॅप्सूलने नाही, तर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स जपून लिहिली, पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवलं, साबणाने हात धुतले म्हणून. साबणच लागतो, सॅनिटायझरने सी डिफचे बीजाणू, म्हणजे कवचातले झोपलेले जंतू, मरत नाहीत.

आपल्याकडे आजीला दही-ताक आवडत असेल तर द्या की. फक्त अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले तर जुलाब बंद करायची गोळी मनाने देऊ नका, सी डिफचं विष आतच अडकू शकतं. आणि डॉक्टरांना आधी सांगा की दोन-तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक झालंय, चिठ्ठी असेल तर ती सोबत न्या.