आदेश किती वाजता द्यायचा?

पूर किंवा आगीच्या वेळी वस्ती हलवण्याचा, म्हणजे स्थलांतराचा आराखडा मागितला की बहुतेक ठिकाणी एक जाडजूड फाइल पुढ्यात येते. समित्या असतात, फोन नंबर असतात, रंगीत नकाशा असतो. वस्ती रिकामी व्हायला किती तास लागतील, एवढंच नेमकं नसतं.

तो आकडा काढायला अवघड नाही. समजा ६००० घरं आहेत आणि घरटी सव्वा गाडी, म्हणजे ७५०० गाड्या. बाहेर जाणाऱ्या लेन दोन. एरवी एका लेनवरून तासाला दीड हजारांच्या वर गाड्या सहज जातात; पण सामानाने भरलेल्या गाड्या, पाऊस किंवा धूर, मध्येच बंद पडलेलं एखादं वाहन, हे सगळं धरून हजारच माना. पावणेचार तास झाले. निरोप कळून, मुलंबाळं गोळा करून, कुलूप लावून निघेपर्यंतचा वेळ त्यात धरला की सहा तासांची तयारी हवी. पाणी संध्याकाळी सहाला रस्त्यावर येणार असेल, तर आदेश दुपारी बाराला सुटला पाहिजे. आणि बाराला कुणालाच खात्री नसते. म्हणून नदीची कोणती पातळी ओलांडली की आदेश द्यायचा, सही कोणाची, तो माणूस सापडला नाही तर पुढची सही कोणाची, हे कोरड्या दिवसांत ठरवून ठेवा.

दुसरी गोष्ट, ज्यांना निघायला सांगितलेलं नसतं तेही निघतात. २००५ साली रीटा चक्रीवादळाच्या वेळी ह्यूस्टन परिसरातून पंचवीस लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर आले. गाड्या तासन्‌तास तुंबल्या, इंधन संपलं. विरुद्ध दिशेच्या लेन बाहेर जाण्यासाठी उघडल्या, पण उशिरा. हा उपाय ऐनवेळी सुचून चालत नाही: आत येणारी वाहतूक आधी पूर्ण बंद करावी लागते, प्रत्येक फाट्यावर माणूस उभा करावा लागतो, आणि जिथे चार लेनच्या पुन्हा दोन होतात तिथे नवा अडथळा तयार होतो. ते टोक बहुधा शेजारच्या हद्दीत असतं. म्हणजे शेजाऱ्यांशी लेखी करार हवा, क्रेनसकट. आत जाणाऱ्या रुग्णवाहिका आणि बससाठी एक लेन मोकळी सोडायची, हे तर आवर्जून विसरलं जातं!

विभागांच्या सीमा नकाशावर रेघा मारून आखू नका. ओढा, रूळ, मोठा रस्ता अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा घ्या. संदेशात विभाग, रस्ता, निवारा केंद्र आणि वेळ या चारच गोष्टी. ‘सतर्क राहा’ लिहून काही होत नाही.

आता गाडी नसलेले. ४०० माणसं, बसमागे ४० जण, म्हणजे दहा फेऱ्या. चढणं-उतरणं धरून एका फेरीला दोन तास लागत असतील, तर पाच बसना चार तास. हे कागदावर. प्रत्यक्षात रुग्णालय, वृद्धाश्रम आणि शाळा, तिघांच्याही आराखड्यात एकाच वाहतूकदाराच्या त्याच पाच बस लिहिलेल्या असतात, आणि हे कुणी ताडून पाहिलेलं नसतं. सगळे करार एका टेबलावर मांडा, बसचे क्रमांक जुळवा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना बस चालतच नाही; ऑक्सिजनवरच्या माणसांची यादी वेगळी करा. रीटाच्याच वेळी डॅलसजवळ वृद्धाश्रमाच्या एका बसला चाकापाशी आग लागली, आतले ऑक्सिजन सिलिंडर फुटले आणि २३ वृद्ध दगावले.

चालकांचंही बघा. त्यांची घरं बहुधा त्याच धोक्याच्या विभागात असतात. बायको-मुलं अजून आतच असताना चालक स्टिअरिंगवर बसणार नाही. पहिल्या फेरीत चालकांची कुटुंबं हलवा, मगच बाकीच्या नऊ फेऱ्या मोजा.